सत्कार पुरे झाले, आता आवक नंबर दाखवा

नगरपालिकेचे निकाल लागले आणि त्या दिवसापासून मोबाईलवर एकाच साच्यातल्या प्रेसनोट येताहेत. अमुक नगर रहिवासी संघातर्फे नवनिर्वाचित नगरसेवकांचा सत्कार. तमुक कॉलनी नागरिक मंचातर्फे नगराध्यक्षांचा नागरी सत्कार. सोबत फोटो. मधोमध फेटा बांधलेले पाहुणे, दोन्ही बाजूंना पंधरा-वीस माणसं, आणि त्यातल्या एकाचंही नाव सुटता कामा नये असा आग्रह. शेवटची ओळ ठरलेली, 'यावेळी परिसरातील नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते.'

शिरूरहून तीच, दौंडहून तीच. नावं बदलायची, बाकी मजकूर कॉपी-पेस्ट.

या सगळ्या प्रेसनोट मी परत एकदा वाचून काढल्या. एकीतही असं नव्हतं की संघाने पाहुण्यांना अमुक प्रश्न विचारला आणि पाहुण्यांनी तमुक तारखेपर्यंत उत्तर देतो म्हणून सांगितलं. शाल आहे, श्रीफळ आहे, पुष्पगुच्छ आहे, चहापान आहे. प्रश्न नाही.

म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. काहींना झोंबेल. झोंबू द्या.

आधी थोडा हिशेब. शिरूर आणि दौंड नगरपालिकेसाठी आपण मतदान केलं होतं डिसेंबर २०१६ मध्ये. त्यानंतरचं मतदान थेट डिसेंबर २०२५ मध्ये. राज्यघटनेत नगरपालिकेची मुदत पाच वर्षं लिहिलेली आहे, आपल्याकडे दोन निवडणुकांमध्ये नऊ वर्षं गेली. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभाग रचना, कोर्टाच्या तारखा असं करत करत शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली, तेव्हा कुठे मतपेटीचं दर्शन झालं.

ती चार वर्षं आठवा. गल्लीतला दिवा गेला तर सांगायचं कुणाला? माजी नगरसेवक म्हणायचा, 'माझ्या हातात काय राहिलंय आता?' मुख्याधिकारी साहेब मीटिंगला. टपालाच्या टेबलावरचा माणूस म्हणायचा, अर्ज ठेवून जा. खरं तर रहिवासी संघ नावाच्या गोष्टीला इतकं महत्त्व आपल्या गावात त्याआधी कधीच आलं नव्हतं. सभागृहात आपला माणूस नाही, तर मग गल्लीचा संघ हाच आपला आवाज. एवढी मोठी पोकळी समोर होती.

आणि आपले बहुतेक संघ त्या काळात काय करत होते? हळदीकुंकू, दांडिया, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव, गणपतीत महाप्रसाद, कोजागरीला दूध. याला माझा अजिबात विरोध नाही. माणसं एकत्र येतात, नव्या सुनेची ओळख होते, एकट्या राहणाऱ्या आजीची कुणीतरी चौकशी करतं, हे चांगलंच आहे. पण वर्षभराच्या कामाची यादी तिथेच संपत असेल तर त्याला उत्सव मंडळ म्हणावं. पावतीबुकावर 'नागरी समस्या निवारणार्थ' असं छापायची मग गरज नाही.

एका संघाच्या अध्यक्षांचा मध्यंतरी फोन आला. नाव सांगत नाही, माणूस सज्जन आहे. 'भाऊ, तेवढी सत्काराची बातमी लावा ना, फोटो पाठवलाय.' म्हटलं, लावू की. पण तुमच्याकडे ड्रेनेजचं चेंबर कधीपासून वाहतंय, त्याबद्दल विचारलं का त्यांना? तर म्हणाले, 'अहो, पहिल्याच भेटीत असं कुठं विचारतात? संबंध बिघडतात. आधी संबंध तयार होऊ द्या, मग कामं आपोआप होतात.'

'संबंध.' आपल्या दोन्ही गावांचा निम्मा कारभार या एका शब्दावर चाललाय.

संबंधावर काम होतं, हे मी नाकारत नाही. होतंच. अध्यक्षांचे संबंध असले की त्यांच्या गल्लीत पेव्हिंग ब्लॉक बसतात. पण शेजारच्या गल्लीत? तिथे भाड्याने राहणारी कारेगावच्या कंपनीतली पोरं आहेत, तीन शिफ्टमध्ये खपणारी, त्यांचा कुणाशी संबंध? रेल्वेतून निवृत्त होऊन दौंडला कायमची राहिलेली एखादी बाई, मुलगा बाहेरगावी, तिचा कुणाशी संबंध? संबंधावर झालेलं काम म्हणजे उपकार. उपकार करणारा तो कधीही थांबवू शकतो, आणि त्याची परतफेड पुढच्या निवडणुकीत मागू शकतो. हक्काने मागितलेलं काम कागदावर असतं. माणूस बदलला, पक्ष बदलला, तरी कागद तिथेच राहतो.

आणि एक साधी गोष्ट सांगा. पाणीपट्टी भरताना कुणी संबंध विचारतं का? घरपट्टी थकली तर नोटीस येते, दंड लागतो. तिथे सगळं नियमानं. मग आपल्या बाजूनं मागायची वेळ आली की आपण शाल घेऊन का उभे राहतो?

'हे शहाणपण शहरातल्या लोकांना ठीक आहे, आपल्या गावाकडे चालत नाही,' असं म्हणणारेही भेटतात. त्यांना आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवून द्यावासा वाटतो.

पुण्यात २ एप्रिल १८७० ला सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी तिचे कर्ते, लोक पुढे त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. ही सभा निघाली कशावरून? पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी होत्या, त्यावरून. म्हणजे देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही, जबाब द्या, इतक्या घरगुती गोष्टीवरून. त्या सभेचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास लोकांचं मुखत्यारपत्र आणायचं. 'हा माणूस आमच्या वतीने बोलेल' असं पन्नास जणांनी सही करून द्यायचं. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे अशा सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. इंग्रजांच्या राज्यात, मोबाईल नाही, झेरॉक्स नाही.

आता आपल्या संघाचे अध्यक्ष कुणाच्या सहीने अध्यक्ष झाले ते आठवून बघा. एका रविवारी सात जण जमले, त्यातल्या एकानं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, उरलेल्या पाचांनी टाळ्या वाजवल्या. आणि पुढची आठ वर्षं 'नागरिकांच्या वतीने' तेच बोलताहेत.

दुसरी आठवण तर आपल्या मातीतलीच आहे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आपल्या दौंडच्या टापूत. तिथून तो शिरूर तालुक्यापर्यंत पोचला, नदी ओलांडून नगर जिल्ह्यातही गेला. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली ती मुख्यतः कर्जरोखे आणि चोपड्या ताब्यात घेऊन जाळण्यासाठी. लिहिता-वाचता न येणाऱ्या आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना एक गोष्ट पक्की कळलेली होती. आपल्याला कोण बुडवतंय याचं मूळ कागदात आहे. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यांना कागद वाचता येत नव्हता म्हणून त्यांनी तो जाळला. आपल्याला वाचता येतो, आणि आपण तो मागायलाही जात नाही.

इतकं मागे नको असेल तर अलीकडचं घ्या. दौंडचे हजारो लोक रोज पुण्याला नोकरीला जातात. पण स्टेशन कित्येक वर्षं सोलापूर विभागात. म्हणजे गाडी पुण्याची, प्रवासी पुण्याचे आणि तक्रार करायची सोलापूरला. पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण झालं, तरी २०१७ मध्ये विजेच्या तारांखालून डिझेलची डेमू धावायला लागली, तेव्हा लोक चेष्टा करायचे. या दोन्ही प्रश्नांवर प्रवासी संघटना वर्षानुवर्षे निवेदनं देत राहिल्या. कंटाळल्या नाहीत. अधिकारी बदलले तसे नव्या नावाने परत अर्ज टाकले. एप्रिल २०२४ पासून दौंड पुणे विभागात आलं. लोकलचा, उपनगरी दर्जाचा प्रश्न अजून शिल्लक आहे, तो वेगळा विषय. पण ज्याचा पिच्छा सोडला नाही ते हलतं, एवढं त्यातून दिसलं. त्या लोकांचा मार्ग साधा होता. निवेदन, त्याची पोच, स्मरणपत्र, आणि परत निवेदन.

आणि याच्या उलट काय होतं तेही आपण पाहिलंय. गेल्या ऑक्टोबरमध्ये शिरूर तालुक्याच्या बेट भागात, पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात, साधारण तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. पाच वर्षांची पोर, एक वयस्कर माउली, आणि २ नोव्हेंबरला तेरा वर्षांचा मुलगा. मग लोकांचा बांध फुटला. वन विभागाची गाडी पेटली, मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. त्यानंतर सगळी यंत्रणा धावली, बाहेरून नेमबाज आले, बिबट्या मारला गेला.

पेटवापेटवीचं समर्थन मी करणार नाही. पण त्या लोकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा प्रश्न काल-परवाचा नाही, जुन्नर वन विभाग वीस वर्षांहून जास्त काळ त्यात अडकलाय. दिवसा वीज द्या म्हणजे रात्री पाणी धरायला शेतात जावं लागणार नाही, पिंजरे वाढवा, वस्तीजवळ दिवे लावा, या मागण्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. माझा प्रश्न तालुक्याच्या गावात बसलेल्या संघांना आहे. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर हे चाललं होतं. तुमच्या संघाने त्या मागण्यांना पाठिंब्याचं एका पानाचं पत्र तहसीलदारांना दिलं होतं का? दिलं असेल तर त्याची पोच मला पाठवा, मी आनंदाने इथे टाकतो. त्या महिन्यात माझ्याकडे प्रेसनोट मात्र आल्या. दीपोत्सवाच्या, किल्ले स्पर्धेच्या.

'मग करायचं काय ते सांगा, नुसती टीका काय करता,' असं कमेंटमध्ये येणारच. सांगतो. सगळं फुकटात किंवा दहा-वीस रुपयांत होणारं आहे.

पहिलं, सोमवार. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढलाय की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, फी लागत नाही. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तुमच्या गल्लीच्या रस्त्याची फाईल मागा. अंदाजपत्रक बघा, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश बघा, मोजमाप पुस्तिका बघा, बिल कधी निघालं बघा. रस्ता किती जाडीचा व्हायचा होता ते तिथे लिहिलेलं असतं. नंतर गल्लीत येऊन पट्टी लावून बघा. नगरसेवकाच्या सत्काराला जमता तेवढी नाही, दोनच माणसं सोमवारी गेली तरी पुरे.

दुसरं, माहिती अधिकार. हा कायदा केंद्राने २००५ मध्ये केला, पण महाराष्ट्राने त्याआधीच २००२ मध्ये आपला कायदा केला होता. त्यामागचं आंदोलन कुठून पेटलं? आपल्या घोडनदीच्या पलीकडच्या पारनेर तालुक्यातून, राळेगणसिद्धीतून. शिरूरच्या माणसाला तर हा कायदा शेजारच्या घरातला वाटायला पाहिजे. अर्जाला दहा रुपये, झेरॉक्सच्या पानाला दोन रुपये, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला तीस दिवसांची मुदत. एकट्याने अर्ज केला तर त्याला 'आरटीआयवाला' म्हणून बदनाम करतात, दबाव आणतात. तोच अर्ज ठराव करून संघाच्या पाच जणांनी वेगवेगळ्या विषयांवर टाकला तर कुणाकुणावर दबाव आणणार? अशा वेळी कामाला येत नसेल तर संघ पाहिजे कशाला?

तिसरं, ओपन स्पेस. हा मुद्दा नीट वाचा, कारण आपल्या दोन्ही गावांभोवती गेल्या वीस वर्षांत प्लॉटिंगचा पूर आलाय. साधारण एकर आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. डिसेंबर २०२० पासून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हे आहे, जुन्या नियमांतही होतं. आता तुमच्या नगराचा मंजूर नकाशा काढा. बहुतेक संघांकडे तो नाहीच, बिल्डरने दिलेलं रंगीत पत्रक आहे. मंजूर नकाशावर ओपन स्पेस कुठे दाखवलीय आणि आज तिथे काय उभं आहे ते बघा. कुठे शेड, कुठे कुणाची पार्किंग, कुठे जागाच गायब. तुमच्या पोरांना खेळायला जागा नाही म्हणून ती रस्त्यावर क्रिकेट खेळतात आणि तुम्ही ग्रुपवर 'गाडीची काच फोडली' म्हणून भांडता. ती जागा तुम्ही प्लॉट घेताना तिच्या हिश्श्याचे पैसे देऊन बसला आहात.

चौथं, क्षेत्रसभा. गावात ग्रामसभा असते हे सगळ्यांना माहीत. शहरातही प्रभागातल्या मतदारांची क्षेत्रसभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. तुमच्या हयातीत तुम्ही एकतरी क्षेत्रसभा पाहिलीत का? नव्या नगरसेवकांना हार घालण्याऐवजी एक पत्र द्या, 'आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी घेताय, तारीख कळवा.' निवडून येऊन महिना-दोन महिने झालेत, नवा उत्साह आहे, आत्ताच मागा. हाच काळ अर्थसंकल्पाचाही असतो. मार्च उलटला की पुढचं वर्ष 'तरतूद नाही' हे उत्तर ऐकायचं.

पाचवं आणि सगळ्यात अवघड. आधी आपलं घर. ज्या संघाला नगरपालिकेचा हिशेब मागायचाय, त्याने आपला हिशेब फलकावर लावावा. गणपतीची वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, उरले किती? नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती काढली होती का? सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला पाहिजे, ऑडिट व्हायला पाहिजे. झालं का? की प्रोसिडिंग बुक सेक्रेटरीच्या कपाटात आणि सह्या घरोघरी फिरून? आपल्याच सभासदाने हिशेब विचारला तर त्याला ग्रुपमधून काढून टाकणारे अध्यक्ष मुख्याधिकाऱ्यांना कोणत्या तोंडाने हिशेब विचारणार? बरेच संघ प्रश्न विचारत नाहीत त्याचं एक कारण हेही आहे. समोरच्याने उलट प्रश्न विचारला तर काय, ही धास्ती.

आता नेहमीचा आक्षेप. 'आम्हाला राजकारण नको. आमचा संघ बिगरराजकीय आहे.'

बिगरराजकीय? संघाच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स बघा. वरच्या पट्टीत चार नेते, खाली दोन भावी नेते, कोपऱ्यात संघाचं नाव, तेही भिंग लावून शोधायचं. मंडप कुणी दिला, खुर्च्या कुणी दिल्या, ट्रॅक सूट कुणी वाटले, सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणुकीच्या तोंडावर किती संघांनी 'जाहीर पाठिंबा' दिला तेही आठवतं. त्यासाठी सभासदांची सभा घेतली होती का? सहाशे मतं आहेत म्हणून सांगायचं, आणि त्या सहाशेंना पत्ताच नाही की त्यांचा पाठिंबा जाहीर झालाय. हे राजकारण चालतं. 'पाणी एक दिवसाआड का येतं' हे विचारलं की मात्र राजकारण होतं.

पाण्यावरून आठवलं. दौंडचं पाणी खडकवासल्याच्या कालव्यावर अवलंबून. आवर्तन लांबलं की दौंडकरांच्या पोटात गोळा येतो. वरती पुणे शहराची तहान दरवर्षी वाढतेय. शिरूरची भिस्त घोडनदीवर, आणि नदीत काय सोडलं जातंय ते बंधाऱ्यावर उभं राहून नाकाने सांगता येतं. येत्या दहा वर्षांत आपल्या दोन्ही गावांचा सगळ्यात मोठा तंटा पाण्याचा असणार आहे. त्या वेळी वरच्या बैठकीत आपल्या बाजूने कोण बोलणार? ज्यांनी दहा वर्षं फक्त फोटो काढले, त्यांना त्या टेबलावर आकडा तरी सांगता येईल का? रोज किती पाणी उचललं, किती शुद्ध झालं, किती गळतीत गेलं, माणशी किती आलं, हे ज्या संघाकडे महिन्या-महिन्याला लिहिलेलं असेल त्याचं कुणीतरी ऐकेल. नुसत्या 'पाणी द्या, पाणी द्या' या घोषणेला उत्तर तयार असतं, 'वरून आवर्तन आलं नाही.'

आणखी एक बोलायचं राहिलं. हे संघ कुणाचे आहेत? प्लॉटमालकांचे, फ्लॅटमालकांचे, आणि त्यातही साठीच्या पुढच्या पुरुषांचे. रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीमुळे आपल्याकडे भाडेकरू किती वाढलेत? ते घंटागाडीत कचरा टाकतात, त्याच अंधाऱ्या गल्लीतून सेकंड शिफ्टहून रात्री घरी येतात. मीटिंगला त्यांना बोलावत नाहीत. ग्रुपवर त्यांचा उल्लेख येतो तो 'भाडेकरूंची पडताळणी करा' एवढाच. बायकांना बोलावतात ते हळदीकुंकवाला. पाणी कधी येतं, किती वेळ येतं, प्रेशर किती असतं, हे घरात कुणाला माहीत असतं? मग पाण्याच्या मीटिंगला सगळे पुरुष कसे? पन्नास सह्या गोळा करायला लागलात तर या लोकांच्या दारात जावंच लागेल, आणि तिथे गेल्यावर खरी यादी हाती लागेल. मंदिराच्या ओट्यावर बसून केलेल्या यादीत स्वागत कमानच पहिल्या नंबरावर येणार.

माझं नव्या नगरसेवकांशी भांडण नाही, हेही स्पष्ट लिहितो. त्यातले काही पहिल्यांदाच निवडून आलेत, काम करायची इच्छा आहे. उलट त्यांना तुमच्या प्रश्नाची गरज आहे. सभागृहात उठून बोलायला त्यांच्या हातात कागद लागतो. 'आमच्या भागातल्या तीनशे लोकांनी सह्या करून हे दिलंय' असं म्हणता आलं तर त्यांचंही वजन वाढतं. शालीचा त्यांना काय उपयोग? आत्तापर्यंत घरात इतक्या जमल्या असतील की दुकान टाकता येईल.

तर दोन्ही गावांतल्या सगळ्या रहिवासी संघांना, नागरिक मंचांना, सोसायट्यांना, प्रवासी आणि ज्येष्ठ नागरिक संघांना माझी जाहीर विनंती. विनंती नको असेल तर आव्हान समजा.

येत्या महिन्यात तुमच्या भागातला एक प्रश्न निवडा. एकच. दहा नकोत, दहा मागण्यांचं निवेदन म्हणजे साहेबाला दहा पळवाटा. त्या एका प्रश्नावर घरोघरी जाऊन किमान पन्नास सह्या घ्या, भाडेकरूंच्या आणि बायकांच्या धरून. अर्ज आवक टेबलावर द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. 'साहेबांच्या हातात दिला' याला काही अर्थ नाही, हातातला कागद कुठेही पडतो. तीस दिवसांनी स्मरणपत्र द्या. त्याच्या पुढच्या सोमवारी ३ वाजता जाऊन त्या अर्जावर काय शेरा पडलाय तो बघा.

मग मला प्रेसनोट पाठवा. ती अशी असू द्या. 'अमुक नगरातील ५७ रहिवाशांनी तुंबलेल्या ड्रेनेजबाबत या तारखेला अर्ज दिला. आवक क्रमांक हा. एक महिना झाला, उत्तर नाही.' बस, चार ओळी. फोटो हवाच असेल तर चेंबरचा काढा. अशी बातमी मी पहिल्यांदा घेईन, नाव-गावासह घेईन, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला परत घेईन. उत्तर आलं, काम झालं, तर ज्याने केलं त्या अधिकाऱ्याचं आणि नगरसेवकाचं नावही तितक्याच ठळक घेईन. त्या दिवशी त्यांना खुशाल शाल घाला, मी स्वतः फोटो काढायला येतो.

तोपर्यंत सत्काराच्या बातम्या माझ्याकडे पाठवू नका. राग आला असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त लिहिताना सोबत आपल्या संघाचा शेवटचा आवक नंबर आणि तारीख टाका.